वाकडी बरगडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत सुटलं! खालचा डावा कोपरा. तोच. काल प्लास्टर लावून, वर मलमलीची पट्टी दाबून, तान्ह्या पोरासारखं थोपटून ठेवलं होतं. सकाळी बघते तर जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखं उभं राहिलंय.

चूक माझीच. एक्स-रेची फिल्म गुळगुळीत, तिच्यावर काही धरत नाही म्हणून मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घातला. तर आता प्लास्टिकवर काही धरत नाही. शहाणी मी! शेवटी चिडून तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि त्या कोपऱ्यावर चार पट्ट्या मारल्या, खिळे ठोकून. सुट म्हणावं आता.

चित्र मात्र उभं राहतंय. खाली प्लायवूड, त्यावर पांढरा रंग, त्यावर छातीचा एक्स-रे, त्यावर कागदाचे तुकडे, मग ते मेलं प्लास्टिक, मग मलमल आणि प्लास्टर, वर मेण, खाली डांबराचा ओघळ. उजव्या बाजूला मेणात एक खिडकी सोडली आहे, तिच्यातून बरगड्या दिसतात. त्यातली एक वाकडी आहे. तिच्यासाठीच तर सगळं चित्र केलं. सरळ बरगड्यांत ती एकटी अशी वळलेली, की बघणाऱ्याची नजर तिथे जाऊन अडकतेच.

आणि खोलीच्या बरोब्बर मध्ये आईंची खुर्ची. आई म्हणजे सासूबाई. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात आई म्हणायला ह्याच. मागच्या खोलीत ऊन चांगलं येतं, गुडघ्यांना बरं वाटतं, म्हणून दुपारभर माझ्या कामाच्या खोलीत मुक्काम. टेबलाकडे जायचं तर खुर्चीला वळसा, खिडकीकडे जायचं तर खुर्चीला वळसा. रोज संध्याकाळी मी ती कोपऱ्यात सरकवते, रोज दुपारी ती परत मध्ये. बोलायचं नाही, फक्त सरकवायची. युद्धच चाललंय आमचं.

६ फेब्रुवारी

चष्मा येऊन गेली. गॅलरीची मालकीण. तिचा चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा आहे, आणि मत चष्म्यापेक्षा. चित्रापुढे उभी राहिली, हनुवटीला बोट लावलं, डोळे मिटले. डोळे मिटून चित्र बघणारी ही एकच बाई मी पाहिली आहे. मग म्हणाली, "ह्यातून एक श्वास येतोय." मी म्हटलं, डांबराचा वास असेल.

पण मधली भिंत मला दिली! दारातून आत शिरल्यावर समोर दिसते ती. प्रदर्शनात आम्ही तिघं आहोत, तिघंही थरांवर थर चढवणारे, आणि मधली भिंत मला. सहा वर्षांत माझं काही कुठे लागलं नाही. सहा वर्षं लोक विचारतात, "सध्या काय चाललंय?" आणि मी सांगते, "काम चाललंय," आणि ते "अच्छा" म्हणून विषय बदलतात. आता वीस तारखेला या आणि बघा म्हणावं काय चाललं होतं.

चष्मा जायला निघाली तेव्हा आई खुर्चीतून म्हणाल्या, "हे पुसायचं कसं? ह्या खाचांत धूळ बसेल." चष्मा हसली. मी नाही हसले. तेवढ्यात आईंना खोकल्याची उबळ आली. पंधरवडाभर हाच खोकला. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, तुझ्या त्या डांबराने होतंय. म्हणजे तोही माझ्याच खात्यावर!

८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी नवऱ्याने ओढून नेलं त्यांना डॉक्टरकडे. मीही गेले. काम पडलेलं, पण गेले.

नवीन एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग आहे. वाटाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, लहानपणी छातीचा आजार झाला होता म्हणता, त्याचा जुना व्रण असू शकतो. आधीची एखादी फिल्म आहे का? तीन वर्षांपूर्वी आई स्टुलावरून पडल्या होत्या, बरगडी मोडली होती, तेव्हा काढली होती. "ती घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "हाच डाग तिच्यात असला तर विसरून जा. नसला, तर मात्र पुढचं सगळं लगेच करावं लागेल."

पुढचं म्हणजे ते बोगद्यासारखं यंत्र, मग सुई, मग कदाचित ऑपरेशन. आईंनी तिथेच सांगून टाकलं की त्या यंत्रात झोपणार नाहीत आणि सुई तर मुळीच टोचून घेणार नाहीत, डाग जुनाच आहे, त्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आणि घरी आल्या आल्या आई माझ्या खोलीत, खुर्चीत.

९ फेब्रुवारी, रविवार

घर नाही, उकिरडा झालाय. सगळी कपाटं उपसली. फिल्म नाही.

नवरा म्हणतो, पिवळ्या पाकिटात होती, मोठ्या, कपाटावर. मी म्हटलं, मग आता कपाटावर का नाही? तो म्हणाला, कपाट तू आवरलंस दोन वर्षांपूर्वी. मी म्हटलं, आवरलं ते तुला विचारून. प्रत्येक गोष्ट हातात धरून विचारलं, हे टाकायचं का? आणि तू पेपरातून डोकं न काढता म्हणालास, टाक. तो म्हणाला, मी टाक म्हटलं ते रद्दीला. मी म्हटलं, मला काय स्वप्न पडणार आहे तुझी रद्दी कुठे संपते आणि तुझी आई कुठे सुरू होते? मग दोघंही गप्प बसलो, कारण आई शेजारच्या खोलीत होत्या.

आमची अशी वादावादी होते तेव्हा एरवी आई मध्ये पडतात आणि मुलाची बाजू घेतात. आज नाही पडल्या. चित्राकडे तोंड करून बसून होत्या. नुसतं म्हणाल्या, "राहू दे रे. नाही सापडत तर नाही सापडत." ह्यांचंच आजारपण आणि ह्यांनाच फिकीर नाही! मला इतका राग आला की मी भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीसुद्धा.

१० फेब्रुवारी

जिथे तो एक्स-रे काढला होता तिथे जाऊन आले. ते दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको. लिहिते. इथे नाही तर कुठे.

सकाळी मेणावरून शेवटचा हात फिरवत होते. वरच्या कोपऱ्यात मेणाखाली कागदाचा तुकडा आहे, पिवळा. मला तो पिवळा फार आवडतो, कुठल्याही रंगाच्या ट्यूबमधून असा पिवळा येत नाही. त्यावर छापलेली अक्षरं आहेत, अर्धी. "...रे व सोनोग्राफी कें..." एवढंच. रोज बघते मी ती अक्षरं. आज पहिल्यांदा वाचली.

पिवळं पाकीट.

मी आईंच्याच खुर्चीत बसले.

एक्स-रे मी भंगारवाल्याकडून आणते, ओळखीपाळखीच्या घरांतून आणते, वीसेक फिल्म आहेत माझ्या गठ्ठ्यात, कुणाकुणाचे गुडघे, कुणाचे मणके. हीही त्यातलीच समजले. कपाट आवरताना "टाक" म्हटलेलं सगळं मी टाकत नाही, मी काही टाकतच नाही, सगळं ह्या खोलीत येतं. पाकिटासकट आली असणार. मग पाकीट फाडून कागदाचा थर केला आणि फिल्म... ती वाकडी बरगडी! जिच्यासाठी चित्र केलं ती! स्टुलावरून पडल्यावर वाकडी जुळलेली.

काखेत कळसा, गावाला वळसा. तोही कळसा मीच मेणाने बंद केलेला.

आणि खिडकी ठेवली आहे ती डाव्या फुप्फुसावर. डाग उजव्याच्या तळाशी. म्हणजे चित्राचा खालचा डावा कोपरा. प्लास्टर, मलमल, मेण, डांबर, वर पत्रा आणि चार खिळे. सगळ्यात जाड थर बरोबर तिथेच दिला मी!

कुणाला सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

गंज्याला सांगितलं. तो आमच्या तिघांतला दुसरा. लोखंड आणि चिंध्या एकत्र करून पुतळे करतो, कपड्यांना कायम गंज लागलेला, म्हणून गंज्या. सांगितलेलं पोटात ठेवणारा माणूस.

त्याने आधी पाचएक मिनिटं नुसतं हसून घेतलं. मी उठून जायला लागले तेव्हा थांबला. मग उपाय सुचवायला लागला. मागून मोठा दिवा लाव. अरे, मागे प्लायवूड आहे! मग करताना फोटो काढले असशील ना? काढलेत, मोबाइलवर, तिरके, ट्यूबलाइटच्या चकाकीत. त्यात डाग तर सोडच, छाती आहे की खिडकीची जाळी तेही कळत नाही.

"मग फोडायला लागणार," तो म्हणाला.

मी म्हटलं, सोमवारी गाडी येणार आहे चित्र न्यायला. त्याने विचारलं, दुसरं काही आहे मधल्या भिंतीला लावायला? काही नाही. दीड वर्ष हे एकच करत होते. ते त्यालाही माहीत आहे, तरी विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. परत येताना स्वतःशी हिशेब मांडत होते: डॉक्टर स्वतःच म्हणाले ना, जुना व्रण असू शकतो? बहुतेक असेलच. बहुतेक वेळा असतोच. प्रदर्शन दहा दिवसांचं. दहा दिवसांनी फोडता येईल की. दहा दिवसांत काय बिघडतंय! मग वाटलं, प्रदर्शनात कुणी ते घेतलं तर? मग वाटलं, कुणी घेतलं तर किती छान होईल. शी! माणूस स्वतःच्या डोक्यात काय काय ऐकून घेतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रश्न सुटला! म्हणजे सगळ्यांचा सुटला, असं सगळे म्हणतात.

आईंनी नवऱ्याकडून डॉक्टरांना फोन लावून घेतला आणि स्वतः बोलल्या. फिल्म हरवली, यंत्रात मी झोपणार नाही, बोला आता काय ते. डॉक्टर बरेच कुरकुरले, पण सांगितलं, मग तीन महिन्यांनी पुन्हा साधा एक्स-रे काढू, वाढला का बघू. त्यांना पसंत नव्हतं हे फोनच्या बाहेरही ऐकू येत होतं. आईंनी ते सोडून बाकीचं सगळं ऐकलं.

नवऱ्याच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला. मलाही म्हणाला, "बघ, उगाच भांडलो आपण." मी मान हलवली. मला हायसं वाटलं. लिहून ठेवते: हायसं वाटलं! आणि लगेच स्वतःचा इतका संताप आला की चहाचा कप आपटला, तर त्याचा कान तुटला. नवरा म्हणाला, आता हाही चिकटवशील कुठेतरी.

तीन महिने. वाटाण्याएवढा डाग तीन महिन्यांत केवढा होतो? मोबाइलवर बघायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला बंद केलं.

१४ फेब्रुवारी

चित्रासाठी खोकं आलं. लाकडी, आतून स्पंज. मापात बसतं. आईंच्या खोकल्यात आज रक्ताची तार होती. त्या म्हणाल्या, घसा सोलवटलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नवरा बाहेर पडला. मी पक्कड घेतली.

काही ठरवलं वगैरे नव्हतं. दात घासताना बेसिनमध्ये ती तार पुन्हा दिसली, त्यांनी पाणी टाकलं होतं तरी राहिलेली. सरळ खोलीत गेले आणि पहिला खिळा उपटला. कालपर्यंत सुटू नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते, आज निघता निघत नाही! दुसऱ्या खिळ्याला पत्रा अंगठ्यात घुसला. अंगठा चोखत उभी होते तर दारात आई.

मी म्हटलं, कोपरा सुटलाय, आई, बघतेय. सुटला कसला, पक्कड हातात आणि पत्रा उलटा वाकवलेला.

त्या आत आल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "नको फोडूस," म्हणाल्या. "मला माहीत आहे ती कुणाची छाती आहे."

मी पक्कड टेबलावर ठेवली.

"तू मेण ओतलंस त्याच्या आधीपासून माहीत आहे. स्वतःची बरगडी ओळखत नाही का माणूस? त्या वेळी डॉक्टरने उजेडावर धरून दाखवली होती मला. ही बघा आजी, वाकडी जुळली."

म्हणजे इतक्या दुपारी! धूळ बसेल, वास येतो, हे पुसायचं कसं, आणि ह्या बाई स्वतःच्याच फासळ्यांपुढे बसलेल्या! मी ओरडलेच. घर पालथं घातलं आम्ही, नवराबायको एकमेकांच्या उरावर बसलो, आणि तुम्ही इथे बसून बघत होता? तोंडाला काय कुलूप होतं का?

त्या चिडल्या नाहीत. सावकाश खुर्चीत बसल्या, आणि जे बोलल्या ते असं. आधी त्यांना बरं वाटलं होतं. ह्या घरात मी इतकी वर्षं इतकं काय काय चिकटवलं, नवऱ्याची बिलं, शेजारणीचे पडदे, कुठल्या कुठल्या लोकांचे गुडघे, पण त्यांचं कधी काही घेतलं नाही. आता घेतलं, आणि मध्यभागी लावलं. त्यांना वाटलं मी जाणूनबुजून लावलंय आणि लाजून सांगत नाहीये. म्हणून रोज येऊन बसायच्या. मी खुर्ची सरकवायचे, त्या परत आणायच्या.

जाणूनबुजून! भंगारातली समजून लावली हो आई, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग डॉक्टर म्हणाला जुनी आण," त्या म्हणाल्या. "तेव्हा मात्र भीती वाटली गं. ती तिथे झाकलेली आहे तोवर डाग जुना आहे. बाहेर काढलीस की काय ते एकदाच होणार."

आणि मग म्हणाल्या, अगदी बाजारात भाव ठरवावा तशा आवाजात, "तू तुझं चित्र ठेव, मी माझा डाग ठेवते. दोघींचं भागेल."

बुधवारपासून मी मनात जे घोळवत होते, तेच. शब्दही जवळजवळ तेच. माझ्या डोक्यात ते समंजसपणाचं वाटत होतं. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला. ह्या बाईने मला न्हाणीघरात घसरल्यावर उचलून आणलंय. माझा गर्भ गेला तेव्हा आठ दिवस माझ्या उशाशी बसून होती, तेव्हाही अशीच खुर्ची टाकून, जाता येता पायात येईल अशी.

"माझं नाही भागणार, आई," मी म्हटलं.

"जुना असला तर? फुकट जाईल तुझं सगळं."

"आणि नसला तर?"

त्या खोकल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मग फोड. पण मी इथून हलणार नाही."

हलल्या नाहीतच. खोलीच्या मध्यभागी! तिसरा खिळा काढायला मला त्यांच्या गुडघ्यांवरून वाकावं लागलं. सरका जरा, म्हटलं, तर म्हणाल्या, तूच सरक.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याला रात्रीच सांगितलं. मला वाटलं आकांडतांडव करेल. तो एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ह्या घरात फक्त मलाच माहीत नव्हतं." मग बाहेर जाऊन चक्कर मारून आला. येताना बर्फ घेऊन आला. गंज्याने फोनवर सांगितलं होतं, मेणाला गरम हवा देऊ नकोस, फिल्म आखडेल. उलट गार कर, गार झालं की मेण टचकन तुटतं.

सकाळी गंज्याही आला. चित्र टेबलावर आडवं घातलं. आईंची गुडघे शेकायची रबरी पिशवी, तिच्यात बर्फ भरला, आणि पिशवी धरायला आईच. दुसऱ्या कुणाला देईनात. त्या पिशवी फिरवणार, मी मागून लाकडी पट्टीने मेण उडवणार. ठिकऱ्या सगळीकडे. नवरा केरसुणी घेऊन मागे, आणि प्रत्येक ठिकरी दाखवून विचारणार, "हे टाकायचं का?" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी म्हटलं, टाक, बाबा, टाक!

मेण गेलं. मग प्लास्टर. चाकूच्या पाठीने ठोकलं, तर काय सांगावं, मलमलीसकट अख्खा थर एका झटक्यात सुटून हातात आला! जे प्लास्टिक काही धरत नाही म्हणून मी महिनाभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यानेच खालची फिल्म कोरडी ठेवली होती. एक ओरखडा नाही. चार खिळ्यांची चार भोकं तेवढी. नीट चिकटलं असतं तर आज काहीच हाती लागलं नसतं.

खिडकीच्या कडा मात्र हळूहळू काढाव्या लागल्या, तिथे मेण थेट फिल्मवर होतं. वाकडी बरगडी थोडी खरवडली. आई म्हणाल्या, जाऊ दे, ती तशीही मोडकीच होती.

दीड वर्षाचं काम. चार तासांत केरात. गंज्या जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला, शर्टावर गंजाचा पंजा उमटलाय. बघितलं तेव्हा रडले. चित्रासाठीच रडले, उगाच मोठेपणा कशाला.

फिल्म उजेडावर धरून बघायचं धाडस कुणाचंच झालं नाही. नवऱ्याने तिला जुन्या उशीच्या अभ्र्यात घातलं. आम्हाला त्यातलं कळणारही नाही, असं तिघंही म्हणालो.

१७ फेब्रुवारी

गाडी आली. गाडीबरोबर चष्माही. मी काल फोन केला होता की चित्र गेलं, पण तिला वाटलं मला शेवटच्या क्षणाची भीती वाटतेय. कलाकारांना वाटते म्हणे.

आत आली. भिंतीला टेकवलेला सांगाडा बघितला. अर्धवट पांढरं प्लायवूड, कडेला मेणाचे दात, डांबराचा ओघळ कुठूनच सुरू न होणारा, मध्ये छातीच्या आकाराची मोकळी जागा. हनुवटीला बोट. डोळे मिटले. मला कळलंच आता काय येणार!

"हे तर कितीतरी जास्त बोलतंय," ती म्हणाली. "असंच द्या."

मी सांगितलं, नाही. ती म्हणाली, अभाव आहे ह्यात, रिकामेपण आहे, लोक रडतील. मी म्हटलं, लोकांना रडायला दुसरीकडे पाठवा. इथे काय आहे त्याचा अजून निकाल लागलेला नाही. ती मला समजून घेत असल्यासारखी मान हलवत राहिली, त्याने डोकं आणखीच फिरलं. खोकं रिकामंच परत गेलं. मधली भिंत गंज्याला मिळाली. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं, असं उद्यापर्यंत वाटायला लागेल.

दुपारी आई त्या मोकळ्या फळीपुढेच बसल्या होत्या, नेहमीसारख्या. मी वळसा घालून गेले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या डॉक्टर; त्याआधीची वेळच मिळाली नाही. नवरा सकाळपासून तीनदा म्हणाला, जुनाच असणार. आईंनी तो अभ्रा स्वतःच्या पलंगावर ठेवलाय, त्याच्यापासून वीतभर लांब बसतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. भोकांतून दिवा डोळ्यांत यायला लागला. ही भोकं कसली, त्यांनी विचारलं. खिळ्यांची, मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. मग जुनीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे तर काहीच नाही. स्वच्छ आहे."

स्वच्छ म्हटल्यावर मी हसले. नवरा हसला नाही, तेव्हा मला कळलं.

तीन महिने थांबला असता तर उशीर झाला असता, डॉक्टर म्हणाले. आत्ता काढता येईल असं दिसतंय. उद्याच दाखल व्हायचं. आई यंत्रात झोपायलाही कबूल झाल्या.

तिकडे आज उद्घाटन. मी गेले नाही. आईंची दवाखान्याची पिशवी भरत होते. त्या मागच्या खोलीत उभ्या होत्या, दिवा न लावता.

"मी येईपर्यंत माझी खुर्ची हलवू नकोस," म्हणाल्या.

नाही हलवत, आई.